आवडीचा टाक

२४ सप्टेंबर १९९७, महाड. भाद्रपद वद्य अष्टमी.

आज घरात आलेले:
आंबेमोहोर तांदूळ, १ किलो – १६ रु.
गूळ, अर्धा किलो – ६ रु.
साजूक तूप, पावशेर – ३२ रु. (वर्षातून एकदाच, म्हणून)
हिरवा खण – २२ रु.
हिरव्या बांगड्या – ९ रु.
केळीची पाने – मुरारी भाजीवाल्याने तशीच दिली.
ह्यांच्या नावाचे एक रजिस्टर पाकीट – पैसे नाहीत, पोचपावतीवर माझी सही.

पाकीट ह्यांचे आहे म्हणून फोडले नाही. कंपनीतून आले की देईन.

उद्या अविधवा नवमी. अहेव गेलेल्या बायकांचा दिवस, म्हणजे ह्या घरात माझ्या सवतीचा. मी आले तेव्हा ती जाऊन वर्ष झाले होते. बिजवराला मुलगी द्यायची तर पहिलीच्या नावाचा टाक दुसरीच्या गळ्यात हवा, नाहीतर मेलेली सुखाने नांदू देत नाही, म्हणून माझ्या आईने लग्नातच चांदीचा करवून आणला. नखाएवढा आहे, वर पदर घेतलेली बाई. मंगळसूत्राच्या शेजारी असतो. रोज अंघोळ झाली की आधी तिला कुंकू, मग मला. नवीन पातळ आधी तिला दाखवायचे. कधी चुकले नाही.

तरी तिचा राग गेला नाही. दोनदा पोट रिकामे झाले. तिसऱ्या वेळी मुलगी झाली, ती पाचवी पुजायच्या आत गेली. नाव ठेवायचे राहून गेले.

शिवाय घरातल्या वस्तू जातात. मागच्या दिवाळीला जांभळ्या फुलांचे कापड आणले होते, ते पेटीतून गेले. गूळ लिहिल्यापेक्षा कमी भरतो. चोर असता तर भांडी नेली असती. सासूबाईंना दाखवले तर म्हणाल्या, "तिचं तिला लागत असंल गो. देवासारखं मान नि सोड. लिवत नको बसू."

२५ सप्टेंबर. नवमी.

सवाष्ण जेवून गेली. खण, बांगड्या तिला दिल्या. परसात पान ठेवले. कावळे पेरूवर येऊन बसले, पण शिवला एकही नाही. दर वर्षी हेच. मी हात जोडून म्हटले, "बाई, काय राहिलंय ते सांग." दुपार कलली तेव्हा पान गाईला घातले.

सासूबाई आजच्या दिवशी घरी थांबत नाहीत. हिरकणीवाडीला बहिणीकडे जातात. पहिल्या सुनेचे पान बघवत नसेल त्यांना.

ह्यांनी पाकीट वाचून खिशात ठेवले. "कुणाचं?" विचारले तर म्हणाले, "कंपनीचं."
तुपातला शिरा तसाच टाकला. ३२ रुपयांचे तूप.

२७ सप्टेंबर.



सदरा धुवायला घेतला. खिसा रिकामा करताना पाकिटातला कागद हातात आला. वकिलाची नोटीस आहे. दुसऱ्याचे वाचू नये, पण पहिल्याच ओळीत नाव दिसले. 'आमची अशील सौ. आवडी चांगू शेलार, राहणार कुडपण, तालुका पोलादपूर, पूर्वीची सौ. आवडी दत्ताराम सकपाळ, हिला आपल्यापासून झालेली मुलगी कु. सलोनी…' मुलीचा खर्च मागितला आहे.

आवडी. रोज ज्या नावाला कुंकू लावते ते नाव. मेलेली माणसे वकील करत नाहीत.

सासूबाई निवडणटिपण करीत होत्या. कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांना वाचता येत नाही, पण कशाचा आहे ते त्यांना माझ्याआधी कळले.

"ही जिवंत आहे?"
"कोन?"
"आवडी."
त्यांनी सूप खाली ठेवले. "मंग? मरंल कशाला? वर कुडपनला नांदतेय. चांगूशी पाट लावला तिनं."
"तुम्ही माझ्या बाबांना सांगितलं होतं की ती मेली."
"मी कदी म्हनले मेली? मी म्हनले ती आमाला मेली. पंचांसमोर काडी मोडली, पोर काखंत घेऊन गेली, मंग आमाला ती मेलीच ना? तुझ्या बापाशीनं 'आमाला' तेवढं सोडलं नि बाकीचं आयकलं."
"आणि आईने मांडवात टाक काढला तेव्हा?"
"तवा काय सांगू गो? मानसां पंगतीला बसलेली."

एवढे बोलून त्यांनी सूप परत घेतले. मीही समोर बसून खडे काढले. दुसरे काय करणार.

बाबा वारले आहेत. कुणी काय ऐकले, विचारायला कोणी नाही.

३० सप्टेंबर.

आज अंघोळ झाल्यावर बोट कुंकवात गेले आणि टाकापर्यंत आपोआप पोचले. मग आठवण झाली. लावलेले पुसता येईना, पुसणे म्हणजे अहेवाचे कुंकू पुसणे. ती तर खरेच अहेव आहे.

आता उलटी भीती वाटते. इतकी वर्षे मी जिवंत बाईचे पान ठेवले. तिला कावळ्याच्या तोंडी दिली. त्या वेळी तिला वर काही होत असेल का? जेवता जेवता ठसका, अंगावर काटा? ती मला लागली असे मी समजत होते. मीच तिला लागले असेन तर?

कावळे शहाणे.

आणि एक ह्यांनाही सांगितलेले नाही. दुपारी सगळे निजले की मागच्या दाराच्या उंबऱ्यावर कोणीतरी येऊन बसते. दिसत नाही. पण मी तांदूळ निवडत असले की कळते. मी त्याला सवत समजून वाटीभर पाणी ठेवीत आले. ती तर कुडपणला आहे. मग हे कोण?

९ नोव्हेंबर.

ह्यांनी नोटिशीला उत्तर दिले नाही, म्हणून कोर्टाचे समन्स आले. मला सगळे कळले आहे हे ह्यांना कळले. भांडण झाले नाही. "जुनं आहे ते," एवढेच म्हणाले.

वकीलसाहेबांकडे गेलो. मलाही नेले. त्यांनी समजावून सांगितले ते असे, की बाईने दुसरे लग्न केले तेव्हा तिचा स्वतःचा खर्च सुटला, ती काही मागू शकत नाही. पण मुलीचा सुटत नाही. सावत्र बाप जेवू घालत असला तरी कायद्याचे ओझे जन्मदात्यावरच. ह्यांनी दुसरे लग्न केले म्हणूनही ते उतरत नाही.

ह्यांनी पंचांचा कागद पुढे केला. "तिने अंगठा दिलाय. मुलीसाठी काही मागणार नाही म्हणून."
"सकपाळ, तो आईचा अंगठा आहे. मुलीचा हक्क आईला सोडता येत नाही. हा कागद दाखवलात तर उलट लग्न शाबीत होईल. फाडा आधी."
"मग?"
"मग एकच. लग्न झालंच नाही. बाई ओळखीची नाही, मुलगी माझी नाही. काडीमोडाला सरकारी कागद नसतो, लग्नालाही नव्हता. सिद्ध करू दे त्यांना. नाकारायचं?"
"नाकारतो," हे म्हणाले. चहा नको म्हणावे तसे.

मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हाला साक्षीला यावं लागेल. लग्नात काय सांगितलं होतं तुम्हाला, प्रथमवर ना?"
"बिजवर."
"ते विसरा."

वाटेत हे म्हणाले, "कायद्यात पाचशेपर्यंत लावता येतात. महिन्याला. तुझे मुंबईच्या डॉक्टरचे पैसे विसर मग." डब्यात मी त्यासाठी साठवते आहे, हे ह्यांना ठाऊक आहे. एक मूल व्हावे म्हणून. देवाची शपथ, त्या वेळी मला ह्यांचेच म्हणणे पटले.

१४ डिसेंबर.

दत्तजयंती. उपास. टाक काढून देव्हाऱ्यात ठेवावा की गळ्यातच असू द्यावा हे ठरत नाही. गळ्यातच आहे.
गूळ पुन्हा कमी भरला. सवत जिवंत आहे, तरी गूळ कमी भरतो. सासूबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "मुंग्या."

२० जानेवारी १९९८.

कोर्टात पहिल्यांदा गेले. सासूबाईही बरोबर होत्या. आमची साक्ष आज नव्हती, तिची होती.

बाहेर बाकावर ती बसली होती. मी ओळखली नाही. माझी आवडी टाकावरची, नाजूक, पदर घेतलेली, हात जोडलेले. ही रापलेली, दांडग्या हाडाची, पायात रबरी चपला. मी आधी तिचे पाय बघितले. सरळ होते. स्वतःचीच लाज वाटली.

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "तूच काय गो ती दुसरी?"
मी मान हलवली.
"माझ्या बापाशीनं दिलेला तांब्याचा हंडा हाय का अजून? का मोडलान?"
"आहे. पाणी तापवते त्यात."
"बुडाला चीर होती त्याच्या."
"डाग दिला आहे."
"बरा केलास," ती म्हणाली. एवढेच आमचे बोलणे. भांडायला पाहिजे होते की काय, कळेना.

तिचा नवरा चांगू, गुरे राखणारा माणूस, ह्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. "भाऊ, पोरीला खायाला मी घालतो. त्याला नाय म्हनत नाय. माजीच हाय ती. पर वर कुडपनची शाळा चौथीला संपली. पोरगी हुशार हाय, वरीसभर घरात बसलीय. पोलादपुरात ठिवायची तर खोली आली, खानावळ आली. दोन म्हशीत माजं भागत नाय. आनि दाखल्यावर बापाचं नाव तुमचं हाय. ते काय मी पुसू?"

हे घड्याळाकडे बघत म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही."
चांगू हसला. "मला नका वळखू. हिला वळखा की. कपाळावरचा भवरा बगा, फनी मारून मारून हिची आय दमली."

मुलगी मागे उभी होती. अकराची असेल. केसांत कपाळावर भोवरा, ह्यांच्यासारखाच डावीकडे. अंगात जांभळ्या फुलांचा झगा. आमच्या पेटीतून गेले होते तसल्याच कापडाचा. बाजारात त्या वर्षी तसले पुष्कळ आले होते, पुष्कळांनी घेतले असेल.

ती सासूबाईंकडे बघून हसली, ओळखीचे माणूस दिसावे तशी. दोन पावले पुढेही आली. सासूबाई पटकन वळल्या आणि भिंतीवरची सरकारी पाटी बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

१७ फेब्रुवारी.

काय झाले ते क्रमाने लिहिते.

सकाळी निघताना हे म्हणाले, "आज तो टाक काढून ठेव." माझा हात मानेमागे गेला. लग्नापासून एकदाही काढला नव्हता. घरी एकटा ठेवायला धीर होईना, म्हणून पदराच्या गाठीत बांधून घेतला. ह्यांना सांगितले नाही.

वकीलसाहेबांनी बजावले होते, जास्त बोलायचे नाही, विचारले त्याचे उत्तर. पिंजऱ्यात उभी केली. ईश्वरासाक्ष खरे सांगेन असे म्हणवून घेतले. आमच्या वकिलांनी विचारले, "तुमचं लग्न झालं तेव्हा तुमच्या यजमानांचं आधी लग्न झालेलं होतं का?"
मी म्हटले, "नाही."
बोलले मी ते. लिहून ठेवते.

मग त्यांच्या वकीलबाई उठल्या. तरुण आहेत. म्हणाल्या, "आवडी नावाच्या बाईबद्दल तुम्ही कधी ऐकलं होतं?"

ते नाव कानावर आले की माझा हात गळ्याशी जातो. सवयच तशी. नाव घ्यायचे, टाकाला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा. आजही हात गेला. तिथे काही नव्हते. मी चाचपडले, मंगळसूत्राखाली, मानेमागे. जीव घाबरा झाला, पडला की काय. गाठीत आहे हे त्या क्षणी आठवेना.

"काय शोधताय, बाई?"
"टाक."
"कसला टाक?"
"सवतीचा."

आमचे वकील ताडकन उठले, पण जज्जसाहेबांनी हाताने बसवले. साहेब विदर्भाकडचे आहेत. "सवतीचा टाक म्हणजे काय?" त्यांनी खाली बसलेल्या कारकुनांना विचारले.
कारकून उभे राहिले. "साहेब, पहिली बायको मयत झाली की तिच्या नावाचा टाक दुसरी गळ्यात घालते. आमच्या घरातही आहे."
"म्हणजे पहिली बायको होती."
"असल्याशिवाय घालत नाहीत, साहेब."
"पण मयत तर ती तिथे दाराशी उभी आहे."

सगळे हसले. शिपाईसुद्धा. चांगू मांडीवर थाप मारून हसला. फक्त आवडी हसली नाही. पदर तोंडाशी धरून माझ्याकडे एकटक बघत होती, आपल्याच सरणाची लाकडे कुणी दाखवावीत तशी.

तेवढ्यात माझ्या बोटांना गाठ लागली. सोडून टाक पुढे ठेवला. साहेबांनी चष्मा वर करून बघितला. "ह्यावर नाव कुणाचं?" विचारले. मी म्हटले, "नाव कोरत नाहीत. मी घेते रोज. आवडीचं." मग म्हटले, "मघाशी मी नाही म्हणाले ते खोटं होतं."

बाहेर आल्यावर हे चवदार तळ्यापाशी थांबून म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं?"
मी म्हटले, "वकीलबाईंनी."
खरे तेच होते. पण ह्यांनी माझ्याकडे असे बघितले की पुढे घरापर्यंत मी चार पावले मागूनच चालले.

१९ फेब्रुवारी.

हे घरात जेवत नाहीत. कंपनीच्या कँटीनमध्ये खातात. भात उरतो, दुसऱ्या दिवशी फोडणीचा करून मी खाते.

२७ फेब्रुवारी. महाशिवरात्र झाली, दोन दिवस झाले.

रात्री ह्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेले. मी विचारले, "तुम्हाला कधी तिची आठवण येत नव्हती? मुलीची?" हे कुशीवर वळून म्हणाले, "तू तिला मेलीच म्हणत होतीस ना? मग मलाही सोपं जात होतं."
म्हणजे काय ते मला नीट कळले नाही. पण झोप लागली नाही.

१८ मार्च.

शिमगा उरकला. आज निकाल.

आवडीला काही नाही, तिचे दुसरे लग्न झाले म्हणून. मुलीला महिन्याला चारशे, अर्जाच्या तारखेपासून, सज्ञान होईपर्यंत. साहेबांनी वाचून दाखवले त्यातले लक्षात राहिले ते एवढेच: आईचे आणि बापाचे घर कितीदाही बदलो, मुलीचा बाप बदलत नाही. हुकूम मोडला तर वॉरंट.

मुलगी बाकावर पाय हलवत बसली होती. ह्यांच्याकडे तिने एकदाच बघितले, आणि मग जिन्यावरून पळत खाली गेली. मला वाटले होते, ह्यांना काहीतरी होईल. हे पेनाचे टोपण लावत होते.

घरी आल्यावर सासूबाई चुलीशी बसल्या नि मोठ्याने म्हणाल्या, "चला. माजं काम सरलं." कसले काम ते सांगितले नाही. पण पुष्कळ दिवसांनी त्या दोन भाकऱ्या जेवल्या.

६ एप्रिल.

ह्यांनी चारशे रुपये माझ्यासमोर टाकले. "तूच पाठव. तुझाच सोस." डॉक्टरच्या डब्यात ह्या महिन्यापासून काही पडणार नाही. हे मी कोर्टात उभी असतानाही मला ठाऊक होते का? नव्हते असे लिहावेसे वाटते. होते.

एक नवल. ह्या महिन्यात गूळ बरोबर उतरला. तांदूळही. पेटीतले काही गेलेले नाही. सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, "बघ, शांत झाली ती." मलाही तसेच वाटते. तिचे मागणे मुलीचे होते, ते पोचले.

पण दुपारी उंबऱ्यावर बसते ते गेलेले नाही. टाक आता देव्हाऱ्यात उताणा ठेवला आहे, कुंकू लावत नाही, तरी ते येते. आज नीट लक्ष दिले. मोठे माणूस नव्हे ते. वाटीच्या कडेपर्यंत त्याचा हात पोचत नसावा, पाणी तसेच असते. मी इतकी वर्षे त्याला भलत्याच नावाने हाक मारीत होते. कसे येईल ते आत?

मनिऑर्डरचा फॉर्म आणला आहे. खाली कुपनावर मजकुराला चार बोटे जागा असते, वेगळे कार्ड घालायला नको. मावेल तसे आधी इथे लिहून बघते. बारीक अक्षरात बसेल.

'सौ. आवडीताईंस नमस्कार. पैसे सलोनीचे आहेत, दर महिन्याला मीच घालीन. तिचे नाव जूनमध्ये शाळेत घालावे. हंडा हवा असल्यास कुणाबरोबर पाठवते. तुमच्या नावाचा टाक माझ्याकडे आहे. जिवंत माणसाचा टाक नदीत सोडला तर तुम्हाला बाधेल अशी भीती वाटते. मला एक मुलगी झाली होती, ती नाव ठेवायच्या आत गेली. टाकावरचे तुमचे नाव काढून घेऊन तिला एखादे ठेवावे आणि तो तिचा म्हणून देव्हाऱ्यात बसवावा, असे मनात आहे. पण वस्तू तुमची, तुम्हाला विचारल्याशिवाय करणार नाही. तुमची हरकत आहे किंवा नाही, आणि नवमीच्या दिवशी तुम्हाला कधी काही झाले होते का, हे दोन्ही कुणाकडून तरी लिहवून घ्यावे. पत्र माझ्याच नावाने घालावे. उलट टपाली कळवावे.'